सत्त्याण्णव टक्के

१. खुर्ची

प्लग भिंतीत नव्हता. तो जमिनीवर पडला होता, तिन्ही पितळी पाय वर करून, उताणं झुरळ पडावं तसा. आणि त्याच्यापासून चार पावलांवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, एक बाई श्वास घ्यायची खटपट करत होती.

तिचा मुलगा किल्ली दाबत होता. एरवी किल्ली दाबली की दिवे मिचकावून ओळख देणारी ती विजेवरची छोटी गाडी, घरात जिला सगळे डबी म्हणायचे, आज ओळखच देईना. शेवटी सुनेने किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली ओढून काढली आणि दार उघडलं. मुलगा आत घुसला, बटण दाबलं. पडदा काळा. परत दाबलं. काळाच. मग त्याची नजर जमिनीवरच्या प्लगवर गेली आणि तो ओरडला, "कोणी काढला हा?"

टॅक्सी यायला सव्वीस मिनिटं लागली. बाई एकोणिसाव्या मिनिटाला थांबली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने हातमोजे काढता काढता म्हटलं, "जरा आधी आणलं असतं तर..." आणि वाक्य तिथेच टाकून तो दुसऱ्या पेशंटकडे गेला. ते अर्धं वाक्य घरच्यांबरोबर टॅक्सीत बसून घरी आलं. आता ते तिथेच राहत होतं.

२. मावशी

मयत बाईची धाकटी बहीण आठ दिवसांनी पुन्हा आली. पहिल्यांदा आली ती रडायला. आता आली ती पिशवी घेऊन, राहायला.

मावशीने वीज कंपनीत तीस वर्षं काढली होती आणि त्यातली बावीस वीजचोरी पकडणाऱ्या पथकात. तारेवर आकडे टाकणारे, मीटरला चुंबक लावणारे, भिंतीतून चोरवायर नेऊन वर देवाची शपथ घेणारे, सगळे तिने पाहिले होते. तिचं म्हणणं एवढंच असायचं की वीज आपल्या पायाने कुठे जात नाही. गेली असेल तर कोणाचा तरी हात असतो.

दारात चपला काढताना तिने रॅककडे बघितलं. बहिणीच्या चपला कोणीतरी उचलून ठेवल्या होत्या. तिथे दोन पावलांएवढी स्वच्छ जागा होती. शेजारी मेव्हण्यांच्या चामडी चपला होत्या. बोट फिरवलं असतं तर रेघ उठली असती, एवढी धूळ.

मेव्हणे, म्हणजे बहिणीचे यजमान, खिडकीशी उभे होते. गणिताचे मास्तर, आता निवृत्त. दाराची चौकट आली की आपोआप मान लववायची सवय असलेला उंच माणूस. आठ दिवसांत त्या उंचीचं काय करायचं हे त्यांना कळेनासं झालं होतं. ते कशालाही टेकत.

"आलीस," ते म्हणाले. "तू जन्मभर चोर पकडलेस. हा एक पकड."

"भाऊजी, आधी दोन घास..."

"नाव कळू दे. मग घास." ते वळले. "इमारतीच्या समितीने वॉचमनला शनिवारपर्यंत खोली खाली करायला सांगितलंय. प्लग त्यानेच काढला म्हणतात. असेल तर जाऊ दे. पण नसेल, तर माझ्या बायकोच्या नावावर एका गरिबाचं घर मोडायला नको. मला नक्की नाव पाहिजे. कोणाचंही असो."

तो बुधवार होता.

३. वॉचमन (मावशी प्रश्न भुवईने विचारते, म्हणून इथे फक्त उत्तरं आहेत)

— नाही बाई. हातसुद्धा लावला नाही.

— म्हणतात हो. दुसऱ्या मजल्यावर 'काढला असेल' होतं. तळमजल्यावर येईपर्यंत 'काढताना पाहिलं' झालं.

— शेगडी आहे, विजेचीच आहे. पण माझ्या खोलीत माझं बटण आहे. गाडीचं कशाला काढू?

— सहाला मी मागे टाकीचा पंप लावतो. परत आलो तर आरडाओरडा. खुर्ची मीच आणून दिली.

— माझीच ती. आता बसवत नाही तिच्यावर. बायको म्हणते टाकून दे, तर टाकवतही नाही.

— वरच्या मजल्यावरचे प्राध्यापकसाहेब? त्यांच्याबद्दल मी काय बोलणार बाई. त्यांचीही विजेचीच गाडी. गाड्या दोन, प्लग एक. एवढंच सांगतो.

— दुपारी? दुपारी मी झोपेत असतो. रात्रभर जागतो ना.

— कुठे जाणार ते अजून ठरलं नाही. बायकोने भांडी बांधलीत. मग स्वयंपाकाला लागली तर परत सोडली.

४. टक्के

भाचा चाळिशीचा, ठेंगणा, आठ दिवसांत दाढी न केलेला. मावशी त्याला अजून सोन्या म्हणायची आणि तो अजून ओ द्यायचा.

"हॉस्पिटल इथून पन्नास किलोमीटर," तो म्हणाला. "जाऊन येऊन शंभर. डबी भरलेली असली तर एकशेदहा जाते, तेही थंड हवा न लावता. म्हणजे टक्क्याटक्क्याचा प्रश्न, मावशी. आईसाठी टक्के राखायचे, हा घरचा कायदा होता. बाबा तर रोज संध्याकाळी मी दारात पाऊल टाकलं की विचारायचे, 'किती?' कसा आहेस नाही, जेवलास का नाही. किती."

"मग त्या दिवशी किती होते?"

"आधीच्या आठवड्यात शंभरला नेऊन ठेवलं होतं. डॉक्टर सुट्टीवर, म्हणून आईच्या उपचाराची फेरी झाली नाही. पाच दिवस गाडी हलली नाही. पण प्लग लावूनच ठेवलेला, उतरू नये म्हणून. आणि कोणीतरी काढला, आणि ती उतरली."

"पाच दिवसांत पूर्ण उतरली? बुडाला भोक आहे का तिच्या?"

"फोन नाही का उतरत?"

"तू पाहिलंस शून्य?"

"पडदाच काळा होता, पाहणार काय?"

"म्हणजे नाही पाहिलंस." मावशीने चष्मा पुसला. "नंतर?"

"नंतर मी तिच्याकडे बघितलेलं नाही. ॲप काढून टाकलं. किल्ली खिळ्याला आहे, ने तुला पाहिजे तर." त्याने पाय मुडपून खुर्चीखाली घेतले. "माझे पाय कापत होते, मावशी. ब्रेकपर्यंत पोचतच नव्हते. बसलो, पाय पुढे केला, तर खाली नुसती हवा. दोन महिन्यांपूर्वी मीच सगळ्यांना बसवून शिकवलं होतं. ब्रेक दाबून बटण दाबलं की गाडी जागी होते आणि टक्के खाते. ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं तर पंखा चालतो, रेडिओ चालतो, टक्का एकही जात नाही. शिकवणारा मी, आणि वेळ आली तेव्हा माझाच पाय पोचला नाही."

सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती घरूनच फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायचं काम करायची, आणि दिवसभर दुसऱ्यांवर चिडता न आल्यामुळे संध्याकाळी तिचा आवाज फार मऊ व्हायचा.

"बाबांना सांगा ना काहीतरी खायला," ती मावशीला म्हणाली. "आधी दुपारी पाय मोकळे करायला तरी जायचे. आता खिडकी सोडत नाहीत."

"रोज जायचे?"

"आईंना झोपेचं औषध दिलं की. तासभर. आईंचं कण्हणं तेवढं थांबायचं नाही. झोपेतही."

५. हिरवा दिवा

प्राध्यापकांनी मावशीला बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले. त्यांच्या घरात पुस्तकं इतकी नीट लावलेली होती की वाचलेलं एकही नसावं.

"मी कायदेशीरदृष्ट्या..."

"मी पोलीस नाही," मावशी म्हणाली. "मी मेलेल्या बाईची बहीण आहे. तुम्ही प्लग किती वाजता काढलात?"

तीस वर्षांत हा प्रश्न तिने असाच विचारला होता. 'काढलात का' नाही. 'किती वाजता'. निम्मे लोक वेळ सांगून मोकळे होत.

"पावणेसहाला," प्राध्यापक म्हणाले आणि मग खुर्चीत बसले.

त्यांना त्या सकाळी लांब जायचं होतं. डबीच्या चार्जिंगच्या वायरीला असते त्या पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत नव्हता, स्थिर होता. म्हणजे डबी भरलेली. मग एका भरलेल्या गाडीने प्लग अडवून का बसावं? म्हणून काढला. आपली पेटी लावली तर तिचा लाल दिवा लागला, आपलीच वायर खराब. वैतागून वर गेले. डबीचा प्लग परत लावायचा राहिला.

"आरडाओरडा झाला तेव्हा?"

"खिडकीत होतो."

"आणि वॉचमनवर आलं तेव्हा?"

"समितीच्या बैठकीला मी हजर नव्हतो."

"बरं जमवलंत," मावशी म्हणाली.

जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली. पावणेसहाला भरलेली. साडेसहाला मेलेली. पाऊण तासात कोणतीही बॅटरी उतरत नाही. प्लग कोणी काढला हे कळलं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. आठ दिवस सगळी इमारत चुकीच्या वायरीकडे बघत होती.

६. पडदा

गुरुवारी सकाळी सर्व्हिसची गाडी आली. त्यातून उतरली ती विशी-पंचविशीतली मेकॅनिक मुलगी, केस टोपीत कोंबलेले, दातात पेन.

मावशीने तिला आधी बसू दिलं नाही. चालकाच्या बाजूने वाकून स्वतः नजर टाकली. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे. पाठ एक घर कललेली. आणि मधला आरसा वर फिरवलेला, छताकडे. त्या सीटवर बसणाऱ्याला मागचं काही दिसलं नसतं. स्वतःचा चेहराही दिसला नसता.

"हं, आता कर तुझं," ती म्हणाली.

मुलीने पुढचं झाकण उघडलं, कोपऱ्यातल्या एका छोट्या बॅटरीला दोन चिमटे लावले, आत हात घालून बटण दाबलं. डबीने डोळे उघडले. अगदी हळू आवाजात रेडिओ सुरू झाला. पडद्यावर आकडा आला.

सत्त्याण्णव टक्के.

मावशीने वाकून आकडा परत वाचला.

"हिला काय झालं होतं मग?" तिने विचारलं.

"छोटी मेली," मुलगी म्हणाली. "ह्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, मावशी. मोठी चाकं फिरवते. पण तिला जागं करते ही छोटी. घरात धान्य भरलंय आणि कुलूपच उघडत नाही, तसं झालं. मोठीत शंभर असो नाहीतर हजार."

"छोटी कशी भरते?"

"गाडी पूर्ण जागी असली की मोठी तिला पाजते. किंवा चार्जिंग चालू असलं की. ह्यांची मोठी भरलेलीच होती, म्हणजे चार्जिंग बंद, नुसता दिवा हिरवा. आणि गाडी पाच दिवस हलली नाही. तेवढ्यानेसुद्धा मरायला नको होती खरं तर." तिने आपल्या यंत्राचा पडदा पुढे केला. "मरेपर्यंत कोणीतरी प्यायलंय हिला. हे बघा ना."

७. नोंद

पहिला दिवस. सुरू २:२०, बंद ३:२५. ब्रेक: नाही. छोटीचा जोर, सुरुवातीला १२.६, शेवटी १२.२.

दुसरा दिवस. सुरू २:१५, बंद ३:२०. ब्रेक: नाही. शेवटी ११.९.

तिसरा दिवस. सुरू २:२०, बंद ३:३०. ब्रेक: नाही. शेवटी ११.५.

चौथा दिवस. सुरू २:१८, बंद ३:२०. ब्रेक: नाही. शेवटी ११.०.

पाचवा दिवस. सुरू २:४०, बंद ३:५५. ब्रेक: नाही. शेवटी ९.८.

सहावा दिवस. सकाळी ६:३१. जाग येत नाही. ६:३१. जाग येत नाही. ६:३२. जाग येत नाही. ६:३२. जाग येत नाही.

"साडेदहाच्या खाली गेली की संपलं," मुलगी म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. चौथ्या दिवसापर्यंत ही चालू झाली असती. कुरकुरत का होईना. शेवटची एक दुपार नडली."

"हे कागदावर येतं का?"

"आकडे येतात. मी म्हटलं ते नाही येत."

"मग ते माझ्यापाशी राहू दे," मावशी म्हणाली.

८. जे सगळ्यांना सोपं गेलं असतं

शुक्रवारी सकाळी भाच्याने कागद पाहिला आणि त्याचं डोकं भलतीकडे धावलं.

"दुपारी," तो म्हणाला. "दुपारी घरात कोण असतं? मी कामावर. आई पलंगावर." तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "तूच बसायचीस ना गाडीत फोन घ्यायला? आईच्या आवाजाने गिऱ्हाईकांना ऐकू येत नाही म्हणून?"

सुनेच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "दोनदा बसले. उन्हाळ्यात."

"बघ!"

"बघ काय? खाली रेंज येत नाही म्हणून सोडलं. तुलाच सांगितलं होतं तेव्हा. तू 'हं' म्हणालास. तू माझ्या प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणतोस."

"म्हणजे आई माझ्या बायकोमुळे..."

"सोन्या, तोंड आवर," मावशी म्हणाली. "आणि तू गं, इकडे ये. डबीत बसलीस की सीट कुठे ठेवतेस?"

"पुढे. पार पुढे. नाक स्टिअरिंगला लागतं तेव्हा कुठे पाय टेकतात."

"आणि तू रे? त्या सकाळी तुझा पाय पोचला नाही तो भीतीने नव्हे. सीट मागे होतं. शेवटच्या खाचेत. तुमच्या दोघांच्या पायांना मिळून पुरलं नसतं एवढं मागे."

  भाच्याने बायकोच्या हातातलं पातेलं घेतलं आणि कुठे ठेवायचं ते न कळून हातातच धरून उभा राहिला.

त्याला कळलं होतं. मावशीला तर काल संध्याकाळीच कळलं होतं, म्हणून तर ती रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

९.

चपलांवर धूळ होती. रोज पाय मोकळे करायला जाणाऱ्या माणसाच्या.

१०. शुक्रवार, दुपार

वॉचमन दारातच उभा होता. आत या म्हटलं तरी येत नव्हता. भाचा आणि सून पलंगाच्या काठावर बसले होते, पलंगावर आता फक्त गादी. भाऊजी खिडकीला टेकले होते.

मावशीने सांगायला सुरुवात केली. प्लग प्राध्यापकांनी काढला. पण प्लगचा काही संबंध नाही, कारण गाडी भरलेली होती. बॅटऱ्या दोन असतात. छोटी जुनी होती. ती मेली.

"संपलं," ती म्हणाली. "कोणी काही केलेलं नाही. ह्या माणसाला खोलीतून काढायचं कारण उरलेलं नाही. समितीला मी लिहून देते."

"जुनी होती म्हणजे?" भाऊजी म्हणाले. "काल होती आणि आज मेली? आपल्या पायाने गेली?"

मावशीने हातातला कागद पिशवीत सरकवला.

"तूच म्हणतेस ना, हात असतो. कोणाचा?"

"भाऊजी, राहू दे."

"आणि समिती विचारेल तेव्हा? 'आपोआप झालं' म्हटलं तर ते ह्यालाच काढतील. त्यांना कोणीतरी पाहिजे आहे. मलाही पाहिजे आहे." त्यांनी हात पुढे केला. "कागद दे."

भाचा म्हणाला, "बाबा, नको." तो पहिल्यांदाच बोलला आणि त्या दोन शब्दांनी सगळं सांगून टाकलं, पण भाऊजींना ते अजून ऐकू आलं नव्हतं. वॉचमनने मात्र मान खाली घातली.

मावशीने दारातल्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या बायकोने भांडी बांधून परत सोडली होती. मग तिने कागद दिला.

भाऊजींनी चष्मा लावला. गणिताच्या मास्तरासारखे ते वरून खाली आले. वेळा. जोर. वेळा. जोर. तिसऱ्या ओळीशी बोट थांबलं. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, जणू आकडे उजेडात बदलतील.

"ब्रेक नाही," ते म्हणाले. "नुसतं बटण. मी ब्रेक कधीच दाबला नाही. टक्का जाऊ नये म्हणून. एकही टक्का गेला नाही. मी रोज संध्याकाळी विचारायचो."

"माहीत आहे, भाऊजी."

"वर तिचा आवाज ऐकवायचा नाही. झोपेतसुद्धा. मी चाळीस वर्षं वर्गात गोंगाट ऐकला आहे, पण हा आवाज... गाडीच्या काचा लावल्या की बाहेरचं काही ऐकू येत नाही. रेडिओ लावायचो. काय लागलंय ते कळायचंही नाही." ते वॉचमनकडे वळले. "तू जा. सामान सोड. मी स्वतः येतो समितीत."

वॉचमन गेला नाही. त्याला जाता येईना.

"पाच दुपारी," भाऊजी म्हणाले. "चार असत्या तर?"

मावशीने श्वास घेतला. "तरी बंदच पडली असती."

"तीन?"

"तरी."

"दोन?"

"भाऊजी, बॅटरीच जुनी..."

"दोन?"

"तरी."

"एक?"

"तरीही."

"आणि एकही नाही? मी गाडीला हातच लावला नसता तर?"

खाली रस्त्यावर कोणीतरी दुचाकी सुरू करत होतं. सुरू होईना. मावशीला आयुष्यात पहिल्यांदा एका ओळीत चार खोटी उत्तरं देता आली होती. पाचवं येईना.

"इथे लिहिलंय, पहिल्या दिवशी सुरुवातीला बारा पूर्णांक सहा," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. फळ्यावर समजावतात तसा होता. "म्हणजे तेव्हा ती ठणठणीत होती. शेवटी नऊ पूर्णांक आठ, म्हणजे मेलेली. मधे कुठल्यातरी एका दुपारी ती मेली. सगळ्या दुपारी 'तरी' येऊ शकत नाही. पोरगं असं उत्तर घेऊन आलं असतं तर मी वही परत केली असती. कितव्या?"

"नका विचारू."

"कितव्या दुपारी?"

"पाचव्या," मावशी म्हणाली.

"आदल्या दिवशीच्या."

"हो."

भाऊजींनी मान हलवली. कागदाची घडी घातली, मग आणखी एक, मग आणखी एक, जाड होऊन घडी बसेना तोवर. सून उठून त्यांच्याजवळ गेली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही. भाच्याने तोंड ओंजळीत घेतलं होतं. टक्के कसे राखायचे ते शिकवणारा तोच होता.

"त्या दिवशी मला खाली जायला उशीर झाला," भाऊजी म्हणाले. "बघ ना, लिहिलंय. दोन चाळीस. एरवी दोन वीस. ती झोपली नव्हती. औषध घेऊनही झोपली नव्हती. हात धरून ठेवला होता माझा. वीस मिनिटं."

भाऊजींनी घडी घातलेला कागद खिशात टाकला.

"म्हणाली, आज नका जाऊ. बसा इथे."

ते खिडकीपासून निघाले आणि रिकाम्या गादीच्या कडेशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

"मी हात सोडवून घेतला," ते म्हणाले. "म्हटलं, आलोच."